आजोबांचे चांदीचे रुपये आणि दरमहा पाच हजार: नाण्यांकडे छंद म्हणून पाहावं की गुंतवणूक म्हणून?

कऱ्हाडकर:
नमस्कार मंडळी. वाटणीत आजोबांची पेटी माझ्याकडे आली आहे. त्यात चांदीचे ४३ रुपये आहेत (व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज आणि सहावा जॉर्ज), तांब्याच्या वीस-बावीस शिवराया, आणि सरकारी टाकसाळीची डबीबंद १०० रुपयांची ५ स्मारक नाणी. प्रश्न तीन.

१) यातलं खरं काय, खोटं काय आणि एकूण किंमत किती, हे घरच्या घरी कुठवर कळू शकतं?
२) पुढची दहा वर्षं दरमहा ५,००० रुपये नाण्यांत घालायचा विचार आहे. एक विक्रेता म्हणतो, स्मारक नाण्यांचे संच घ्या, दहा वर्षांत चौपट होतात. यात तथ्य किती?
३) पेटीतली नाणी फार काळी पडली आहेत. दाखवायला नेण्याआधी पितांबरीने घासू का?

बंदा रुपया:
तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. घासू नका. पितांबरी, टूथपेस्ट, चिंच, लिंबू, राख, यातलं काहीच लावू नका. काळपटपणा हा चांदीवरचा सल्फाइडचा पातळ थर असतो. पावडरीने तो निघतो, पण जाताना खालचा धातूही खरवडून नेतो. एका दिव्याखाली नाणं तिरकं धरून फिरवलं की न घासलेल्या, फारशा न झिजलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेल्यावर त्या जागी केसाइतके बारीक ओरखडे दिसतात. घेणारा हे पाच सेकंदांत ओळखतो आणि तिथून पुढे चांदीच्या भावानेच बोलतो.

आता पहिला प्रश्न. रुपयांचे धातूप्रमाणे ढीग करा. १८३५ ते १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ चा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी निम्मी, ५.८३ ग्रॅम. १९४७ चा मागे वाघ असलेला रुपया निकेलचा, त्यात चांदी शून्य. तो चुंबकाला चिकटतो. हिशेबापुरता चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला तर पहिल्या ढिगातल्या एका नाण्याची चांदी १,०६९ रुपयांची, दुसऱ्यातल्याची ५८३ ची. दोन ढीग एकत्र करून 'सगळे चांदीचे रुपये' म्हणून विकायला गेलात तर भाव दुसऱ्या ढिगाचा मिळतो.

खरं-खोटं पाहायला ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा लागेल. आधी कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे हलवून काढा. काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. जुन्या चांदीचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं (पाण्यातला आकडा साधारण १.१३), निम्म्या चांदीचं ९.५ (आकडा १.२२). ८.७ च्या खाली आलं तर ती जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, चांदी फक्त नावात) किंवा तसलीच पांढरी भेसळ.

फरशीवर टाकून वाजवू नका, काठाला खोच पडते. नाणं बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलने हलकं टिचकवा. शिसं-जस्ताचं ओतीव नाणं बद्द वाजतं. पण आवाजावर एकट्यावर भरवसा ठेवू नये, निम्म्या चांदीचाही रुपया खणखणीतच वाजतो.

सराफकट्टा:
वर सांगितलेला चांदीचा हिशेब कागदावरचा आहे. पेढीवर गेल्यावर सराफ घट धरतो. जुना रुपया झिजलेला असतो, ११.६६ ऐवजी ११.४ भरणं नेहमीचं. शिवाय शुद्धतेचा कस तो आपल्या हिशेबाने लावतो. त्यामुळे मोडीत किती मिळतील हे दोन-तीन ठिकाणी विचारावं. आणि 'मोडीचा भाव सांगा' म्हणतानाच 'नाणं म्हणून घेणार का, आणि कितीला' हेही विचारावं. ते दोन वेगळे आकडे असतात.

काठ नीट पाहा. जुने रुपये गळ्यातल्या माळेत ओवण्यासाठी कडी डाखून घ्यायची पद्धत आपल्याकडे होती. कडी काढली तरी मुकुटाच्या वर, बारा वाजताच्या जागी, डाखाचा ठिपका किंवा घासलेला काठ उरतो. भोक पाडून बुजवलेलं असेल तर भिंगाखाली तिथला रंग वेगळा दिसतो. असं नाणं सरळ धातूच्या ढिगात टाका. सराफी ठशाची खूण (पूर्वी सराफाने नाणं तपासून मारलेला बारीक ठसा) असेल तर किंमत उतरते, पण नाणं खोटं ठरत नाही.

दुदांडी:
शिवरायांबद्दल मी लिहितो, कारण सर्वात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

'शिवाजी महाराजांच्या काळातलं नाणं' म्हणून जी विकली जातात, त्यातली बहुतेक महाराजांच्या नंतरची आहेत. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' हा लेख सुरू झाला. पुढे पेशवाईभर, वेगवेगळ्या टाकसाळींत, तोच लेख पाडत राहिले आणि एकोणिसाव्या शतकातही हा पैसा बाजारात चालत होता. 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे नंतरच्या काळातली. ती विपुल मिळते. सुरुवातीची शिवराई वजनाला बहुधा जास्त भरते, ११ ते १३ ग्रॅम. दुदांड्या ८ ते १० ग्रॅममध्ये असतात. नुसत्या वजनावर काळ ठरवू नये. अक्षरांची वळणं, 'शिव' की 'सिव', ऱ्हस्व-दीर्घ, बाजूची चिन्हं, हे सगळं मिळून ठरतं.

बनावट ओळखण्याचा एक सोपा धागा. हे नाणं हातोड्याने पाडलेलं आहे आणि ठसा बहुतेक वेळा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. म्हणून संपूर्ण लेख एकाच नाण्यावर क्वचित येतो, कुठे 'श्री' कापलेला, कुठे 'ति' बाहेर गेलेला. गरगरीत गोल, मध्यावर पूर्ण लेख, अक्षरांच्या कडा गुळगुळीत आणि काठावर बारीक सांधा दिसला तर ते ओतलेलं नवं नाणं. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रंही ओतकामाचीच खूण.

सोन्याचा होन कुणी 'ओळखीतून' देऊ करत असेल तर बोलणं तिथेच थांबवा. खरा शिवकालीन होन इतका दुर्मीळ आहे की तो अशा वाटेने येत नाही.

शिवराईवर हिरवा थर घट्ट, गुळगुळीत असेल तर राहू द्या. तो संरक्षण करतो. पण फिकट हिरवी भुकटी बोटाला लागत असेल तर तो क्षाराचा रोग आहे, आत खात जातो. अशी नाणी वेगळी काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, काही आठवडे. नंतर पूर्ण वाळवून सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे) ठेवा. चिंचेच्या पाण्यात टाकलंत तर दहा मिनिटांत गुलाबी तांबं वर येईल आणि नाण्याची रया जाईल.

चिल्लर:
पेटीत कमळाचं पिवळं २० पैशाचं नाणं निघालं तर त्यात सोनं आहे असं सांगणारे भेटतील. नाही. पितळी रंगाचा मिश्रधातू आहे. तसंच 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेलं, राम-सीता-हनुमान असलेलं नाणं. कंपनीने असलं काही पाडलेलं नाही. हे देवळाबाहेर विकले जाणारे बिल्ले.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'ट्रॅक्टरची ५ ची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, लाखो रुपये मिळवा' येतं, त्यात विकत घेणारा तुमच्याकडूनच आधी नोंदणी फी, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचा दाखला म्हणून पैसे मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलीही फी घेत नाही. एवढंच.

कऱ्हाडकर:
सर्वांचे आभार. काटा आणला. ४३ पैकी ३१ नाणी १०.२ ते १०.४ मध्ये बसली. नऊ ९.५ ची, सगळी १९४० नंतरची. एक १९४७ चं, चुंबकाला चिकटलं. दोन व्हिक्टोरिया मात्र कोरडी ११.६० आणि पाण्यात १.३४. वजन बरोबर आहे ना मग? शिवाय दोन गोष्टी विचारतो: बहीण न्यू जर्सीला असते, तिला आठवण म्हणून पाच-सहा नाणी पाठवायची आहेत. आणि अल्बम कोणता घ्यावा?

बंदा रुपया:
११.६० भागिले १.३४ म्हणजे ८.६६. खोटी आहेत. बनवणाऱ्याने वजन जुळवलं, पण हलका धातू वापरून तेच वजन आणायचं तर नाणं मोठं किंवा जाड करावं लागतं. खऱ्या व्हिक्टोरियाशेजारी उभं धरा, जाडी नजरेला दिसेल. म्हणूनच नुसत्या वजनावर थांबायचं नसतं. ती दोन टाकू नका, वर 'नकली' लिहून ठेवा, पुढे तुलनेला कामी येतात.

ढब्बू पैसा:
न्यू जर्सीचं नीट वाचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर किंवा अधिक वर्षं जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. खाजगी माणसाने टपालाने पाठवलं काय किंवा बहिणीच्या बॅगेत घातलं काय, गुन्हाच. शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. तुमच्याकडची पंचम जॉर्जची, एडवर्डची, व्हिक्टोरियाची, शिवराया, सगळं यात येतं. १९४० ते ४५ ची नाणी शंभरीत अजून आलेली नाहीत, आठवण म्हणून ती द्या. तरी कस्टममध्ये वाद नको म्हणून पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घेतलेला बरा.

याचा भावाशीही संबंध आहे. परदेशी लिलावांच्या संकेतस्थळांवरचे आकडे पाहून हुरळू नका. तुमचं शंभरी ओलांडलेलं नाणं त्या बाजारात जाऊच शकत नाही, गिऱ्हाईक इथलंच. शिवाय 'शेतात हंडा सापडला' म्हणून कुणी नाणी आणली तर घेऊ नये. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांवरच्या मूल्याचा सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

अल्बम: स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मऊ, वाकणारी, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पानं पीव्हीसीची असतात. काही वर्षांत त्यातून पदार्थ झिरपतो आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. कोकणात आणि मुंबईत दमटपणामुळे लवकर. त्याऐवजी मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म) खिडकी असलेले दोन इंची पुठ्ठ्याचे चौकोन घ्या. स्टेपलर मारल्यावर पिना पक्कडने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा जातो. रबर बँड, वर्तमानपत्र, मखमल जवळ नको, रबरातला गंधक चांदी काळी करतो. डब्यात सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की वाळवा. नाणं काठालाच धरायचं, आणि खाली टॉवेल अंथरून.

पीव्हीसीचा चिकटा आधीच बसला असेल तर शुद्ध असिटोन, काचेच्या वाटीत, दहा-पंधरा मिनिटं. मग ताज्या असिटोनमध्ये एकदा बुडवून हवेवर वाळू द्यायचं, पुसायचं नाही. नखपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद. असिटोन चांदीला काही करत नाही, पण सल्फाइडचा काळेपणाही काढत नाही, तेव्हा चकाकीची अपेक्षा नको.

टाकसाळ:
दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला दिसत नाही.

स्मारक नाण्यांचं गणित साधं आहे. १०० रुपयांचं जुन्या पद्धतीचं नाणं ३५ ग्रॅमचं, व्यास ४४ मिलिमीटर, चांदी ५० टक्के, म्हणजे १७.५ ग्रॅम. २०२३ चं संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणंही याच वजनाचं आणि मिश्रणाचं. तुम्ही टाकसाळीला देता त्यात चांदी, घडणावळ, डबी आणि कर हे सगळं येतं. विकताना समोरचा फक्त चांदी आणि 'मागणी आहे का' एवढंच पाहतो. काही वर्षांचे संच खरंच वर गेले आहेत, पण बहुतेक वेळा ते कमी संख्येने निघालेले किंवा नोंदणी लवकर बंद झालेले होते. प्रत्येक संच चौपट होतो म्हणणाऱ्याला एकच विचारा: 'पाच वर्षांपूर्वी तुम्ही विकलेला संच आज माझ्याकडून कितीला परत घेता?' लेखी मागा.

मोठा खड्डा खरेदी-विक्रीतल्या अंतराचा आहे. समजा लिलावात बोली १०,००० ला तुटली. त्यावर खरेदीदाराचं कमिशन आणि कर मिळून २० टक्के धरा, तुमच्या खिशातून गेले १२,०००. विकताना लिलावगृह तुमच्याकडून १० टक्के घेतं असं धरा. तर नुसते १२,००० परत मिळायला बोली १३,३३३ ला तुटली पाहिजे. वर्षाला ६ टक्के भाव वाढला तरी त्याला पाच वर्षं लागतात, तेही महागाई न धरता. प्रत्येक गृहाचे दर वेगळे असतात, नियमावली वाचून हेच गणित त्या आकड्यांनी करा. फायद्यावर कर लागू शकतो, म्हणून प्रत्येक खरेदीची पावती आणि दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा आणि सीएला विचारा.

तरीही 'नाण्यांत पैसा होत नाही' हे मला मान्य नाही. होतो, पण एकच मालिका वर्षानुवर्षं अभ्यासणाऱ्याला. उदाहरण पाहा. १८६२ हे साल असलेला रुपया १८७४ पर्यंत तेच साल कोरून पाडत राहिले. वर्ष कळावं म्हणून मुंबई टाकसाळीने ठिपक्यांची योजना केली होती. नुसता '१८६२' ढिगाने मिळतो. ठिपक्यांची कुठली रचना कमी सापडते हे ज्याला पाठ आहे, तो साध्या भावाच्या ढिगातून ते नाणं उचलतो. तसंच पंचम जॉर्जचा १९१८ चा कोट्यवधींनी निघाला, तर १९२१ आणि १९२२ चे त्या मानाने फार थोडे. १९११ चा, ज्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि बहुतेक नाणी परत घेऊन वितळवावी लागली, तो प्रसिद्ध आहे म्हणून महाग आहे. पण प्रसिद्धीमुळेच तो प्रत्येक लिलावात असतो. तो स्वस्तात मिळेल अशी आशा सोडा.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मीळ, ब्रिटिश रुपयांतला हुकमी एक्का. त्यामुळे सर्वात जास्त कारागिरी त्याच्यावरच. १९३८ च्या ८ चा ९ केला तर वजन, चांदी, पाण्यातला आकडा, सगळं खरं येतं. कारण नाणं खरंच आहे, फक्त साल खोटं. दहापट भिंगाखाली शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन पाहा. खरवडलेली, खोलगट किंवा जास्त चकचकीत दिसली तर हात आखडता घ्या. असं नाणं स्वतंत्र तपासणीशिवाय घेऊ नये.

आणि प्रत, म्हणजे नाणं किती झिजलंय ते. व्हिक्टोरियाच्या गालावर, कानावरच्या केसांवर, मुकुटातल्या मोत्यांवर झीज आधी दिसते. पंचम जॉर्जची झग्यावरच्या हत्तीवर. तेच साल, तीच टाकसाळ, पण न वापरलेलं आणि मध्यम झिजलेलं यांच्या भावात अनेक पटींचं अंतर पडतं. दहा झिजलेले रुपये घेण्यापेक्षा त्या पैशात एक उत्तम घ्यावा, विकताना उत्तमालाच गिऱ्हाईक लवकर मिळतं.

सराफकट्टा:
टाकसाळ यांचं खरं, पण ठिपके पाठ होईपर्यंतची पाच वर्षं कुणी मोजत नाही. चांदीचा भाव वाढेल असं वाटत असेल तर सरळ चांदी घ्या, नाहीतर चांदीचा ईटीएफ (शेअर बाजारात मिळणारा, चांदीच्या भावाबरोबर चालणारा फंड) घ्या. घडणावळीवर आणि डबीवर पैसे का घालायचे? धातूच्या भावाने व्हिक्टोरिया रुपया मिळत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तोटा फारसा होत नाही.

बंदा रुपया:
माझं मत दोघांच्या मधलं आहे, आणि पाच हजारांच्या प्रश्नाला आकड्यांत सांगतो. निवृत्तीला किंवा मुलांच्या शिक्षणाला लागणारे पैसे यात नकोत, कारण हवं त्या दिवशी, हव्या त्या भावाला नाणं विकलं जात नाही. पहिले सहा महिने नाणं घेऊच नका. त्या ३०,००० पैकी तीन-चार हजारांत कॅटलॉग, दहापट भिंग, मायलरचे चौकोन, आणि काटा तर आलाच. मुंबईत फिरोजशाह मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. खरी नाणी कशी दिसतात ते डोळ्यांत बसायला हवं. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात. तिथे एकाच नाण्याचा भाव चार टेबलांवर विचारा, आणि मग तेच नाणं 'विकायचं असेल तर काय द्याल' म्हणून विचारा. दोन्ही आकडे वहीत लिहा. बाजार त्या दोन आकड्यांच्या मध्ये असतो.

सहा महिन्यांनी एकच मालिका धरा. तुमच्याकडे आधीच ४० खरी चांदीची नाणी आहेत, तेव्हा पंचम जॉर्जचे रुपये १९११ ते १९२२, मुंबई आणि कलकत्ता टाकसाळ, हा आवाक्यातला विषय. दरमहा न घेता दोन-तीन महिन्यांचे पैसे साठवून एक चांगलं नाणं घ्या.

कऱ्हाडकर:
पंचम जॉर्जची १४ निघाली. टाकसाळ कशी ओळखायची?

टाकसाळ:
सालाच्या बाजूला खाली, वेलबुट्टीतल्या फुलाजवळ, उठावाचा बारीक ठिपका असेल तर मुंबई. काही नसेल तर कलकत्ता. भिंग लागेलच, आणि ठिपका झिजलेला असू शकतो, म्हणून शंका आली तर कलकत्ता असं लगेच लिहू नका. १४ नाण्यांच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका, सावली न पडता, कॅमेरा सरळ वरून. १९२१ किंवा २२ निघालं तर ते आधी वेगळ्या चौकोनात ठेवा.